आधी पाणी, मग वारा, शेवटी झाडे : पेण-रोह्यातल्या घराचा आतला चौक

पेण आणि रोहा तालुक्यांत आज जी नवी घरे उभी राहत आहेत, त्यांतली बरीचशी दोन-तीन गुंठ्यांच्या एन.ए. प्लॉटवर बांधली जातात. त्यांचा नकाशा जवळजवळ ठरलेला असतो. मधोमध चौकोनी बंगला, चारी बाजूंनी मार्जिन म्हणून सोडलेली दीड-दोन मीटरची पट्टी आणि पुढे गाडीपुरती जागा. त्या पट्टीत पाण्याचा पंप, सेप्टिक टँकचे झाकण आणि एसीचे बाहेरचे यंत्र येऊन बसते. खिडकी उघडली की समोर शेजाऱ्याची भिंत दिसते, म्हणून खिडकी बंदच राहते. घराची रुंदी दहा मीटरच्या पुढे गेली की मधल्या खोल्यांत भर दुपारीही दिवा लावावा लागतो. मोकळी जागा कागदावर भरपूर असते, पण घरातल्या माणसांच्या वाट्याला त्यातली काहीच येत नाही. नियमाने बाहेर सोडायची जागा सोडावीच लागते. तरीही घराच्या पोटात चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद एवढा उघड्या आभाळाचा चौक ठेवला, तर तेवढ्या सोळा चौरस मीटरमध्ये बाहेरच्या सगळ्या पट्ट्यांपेक्षा जास्त सुख मिळते. मात्र आपल्या भागात तो चौक आधी पाण्यासाठी आखला पाहिजे, मग वाऱ्यासाठी आणि शेवटी झाडांसाठी. हा क्रम उलटा केला की चौक दोन पावसाळ्यांत नकोसा होतो आणि तिसऱ्या वर्षी त्यावर पत्रा चढतो.

यावर पहिला आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो आणि तो खरा आहे. चौक हे देशावरच्या वाड्याचे अंग आहे. पुण्याचा विश्रामबागवाडा किंवा कुठल्याही पेठेतला जुना वाडा चौकाभोवती बांधलेला असतो. कोकणातल्या घरांची ठेवण वेगळी होती. पुढे अंगण, मग ओटी, माजघर, मागे पडवी आणि परसू. आणि या सगळ्यावर एकच मोठे उतरते छप्पर, जे पाणी बाहेरच्या बाजूला फेकते. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे छपराला मधेच भोक ठेवायचे नाही, हा पूर्वजांचा हिशोब चुकीचा कसा म्हणायचा? पण त्या हिशोबात एक गोष्ट गृहीत होती. घराभोवती वाडी होती, अंगणाला मांडव होता आणि शेजारचे घर हाकेच्या अंतरावर असले तरी भिंतीला भिंत लावून नव्हते. उजेड आणि वारा चारी बाजूंनी येत होता, म्हणून तो मधून आणण्याची गरज नव्हती. तीन गुंठ्यांत ही गृहीते उरत नाहीत. पेण शहरातल्या कासार आळी, कुंभार आळीसारख्या जुन्या वस्तीत तर लांबट, अरुंद जागा आणि सामाईक भिंती असतात. तिथे घर नव्याने बांधताना मधला चौक ठेवला नाही, तर मधल्या खोल्यांना आभाळ दिसण्याचा दुसरा मार्गच नाही.

पावसामुळे चौक चालत नाही, हेही दक्षिणेकडे पाहिले तर टिकत नाही. गोव्यात पाऊस आपल्याइतकाच पडतो आणि तिथल्या जुन्या हिंदू घरांत मधोमध राजांगण असते. भोवती खांबांची पडवी आणि मध्ये तुळस. पेडण्याच्या देशप्रभूंच्या वाड्यात तर एकामागून एक चौक आहेत. केरळातले नालुकेट्टू घर चार बाजूंच्या छपरांमधल्या उघड्या चौकाभोवतीच रचलेले असते. या घरांनी पावसाला घरात घेतले आणि त्याला बाहेर जायची वाटही आधीच करून ठेवली. आपल्या जिल्ह्यातले आजच्या काळातले उदाहरण त्याहून जवळचे आहे. रोह्याला लागून असलेल्या मुरूड तालुक्यात काशीद इथे बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबई या संस्थेने २००५ मध्ये पूर्ण केलेले 'तारा हाउस' हे अनेक पिढ्यांच्या एका कुटुंबाचे घर आहे. ते चाफा, नेचे, गवते, बांबू आणि जाईजुईच्या बागेभोवती बांधलेले आहे. फोटोंत ती बाग दिसते. त्या घराची खरी अक्कल मात्र बागेखाली आहे. बागेच्या दगडी जमिनीखाली भूजलाने भरणारी एक खोली आहे आणि तिचे पाणी वर्षभर घराला आणि बागेला पुरते. तेवढा खर्च आणि तेवढी जागा आपल्यापैकी बहुतेकांकडे नसते हे उघड आहे. तिथली लाकडी पट्ट्यांची दारे किंवा महागडे दगड उचलायची गरजही नाही. उचलायची ती बागेच्या खाली पाण्याचा विचार करण्याची रीत.

तेव्हा पाण्यापासून सुरुवात करू आणि साधा हिशोब मांडू. चौक सोळा चौरस मीटरचा आहे आणि त्याचा तळ पडवीच्या जमिनीपेक्षा तीस सेंटिमीटर, म्हणजे दोन पायऱ्या, खाली आहे असे धरा. तासाला शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर चौकावर थेट पडणारे पाणी १६०० लिटर होते. चौकाची खोलगट जागा ४८०० लिटर पाणी धरते. म्हणजे निचऱ्याची सगळी तोंडे पालापाचोळ्याने बंद झाली, तरी पाणी पडवीत यायला तीनशे मिलिमीटर पाऊस पडावा लागेल. हा दिलासा फार मोठा आहे; पण चौकात फक्त आभाळातलेच पाणी येत असेल तरच तो खरा. घराचे निम्मे छप्पर, समजा पन्नास चौरस मीटर, आतल्या बाजूला उतरवले की तोच चौक सत्तर-बहात्तर मिलिमीटरमध्ये काठोकाठ भरतो आणि कोकणातली एकच जोराची सर तेवढे पाणी आणू शकते. म्हणून मुख्य छपराचा किंवा स्लॅबचा उतार बाहेरच ठेवा. चौकाभोवती दीड मीटर रुंदीची पडवी हवी. फक्त तिचेच छप्पर आत उतरू द्या आणि त्याच्या पागोळ्या चौकात न सोडता रुंद पन्हळीत घ्या. पडवीचे हे छप्पर तेहतीस चौरस मीटर भरते. एखाद्या दिवशी पन्हळही तुंबली आणि तळाचा निचराही बंद पडला, तरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस चौक सहज पोटात घेतो.

तळाच्या निचऱ्याला एकच पाइप देऊन कॉन्ट्रॅक्टर मोकळा होतो. तसे होऊ देऊ नका. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत ११० मिलिमीटरचे दोन स्वतंत्र पाइप हवेत. दोन्हींच्या तोंडाला उचलता येणारी जाळी हवी आणि दोन्ही पाइप वेगवेगळ्या वाटांनी बाहेर गेले पाहिजेत. फरशीला शंभराला एक उतार पुरतो. पाइप घराखालून जातो, तेव्हा त्याला वळणे कमीत कमी द्या आणि बाहेर चेंबर ठेवा, म्हणजे सळई घालून साफ करता येईल. आणखी एक गोष्ट नकाशात आधी पाहायची असते. चौक खोल असावा याचा अर्थ बाहेरच्या जमिनीपेक्षा खोल असावा असा नाही. चौकाचा तळ रस्त्याच्या आणि तुमच्या प्लॉटवर आजवर चढलेल्या सर्वांत उंच पाण्याच्या वरच हवा. घराचे जोते त्याहून तीस सेंटिमीटर वर घ्या. रोह्यात कुंडलिकेच्या काठाजवळ किंवा पेणला भोगावतीच्या सखल भागात हा नियम मोडला, तर नदीचे पाणी त्याच निचऱ्याच्या पाइपातून उलटे घरात येते. पेणच्या खारेपाटात उधाणाच्या भरतीला खाडीच चढते आणि गटारे उलटी वाहू लागतात. तिथे पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवलीच पाहिजे. जोते एवढे उंच करणे परवडत नसेल, तर अशा प्लॉटवर आतला चौक करू नये. तिथे पुढचे अंगणच बरे.

पडवीच्या पन्हळीतले पाणी हा या सगळ्या खटाटोपाचा पहिला परतावा आहे. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला माणशी वीस लिटर, म्हणजे एकूण शंभर लिटर पाणी लागते. फेब्रुवारीच्या शेवटापासून पाऊस येईपर्यंतचे शंभर दिवस धरले, तर दहा हजार लिटर होतात. तेहतीस चौरस मीटरच्या पडवीवरून गळती आणि उडून जाणारे पाणी वजा करूनही चारशे मिलिमीटर पावसात एवढे पाणी जमा होते. आपल्याकडे ते जुलै संपायच्या आत सहज होते. म्हणजे सगळे छप्पर टाकीला जोडायची गरज नाही आणि गाळणीही छोटी पुरते. हंगामातले पहिले दोन-तीन मोठे पाऊस मात्र बाहेर सोडून द्या. कौलांवरची धूळ, पक्ष्यांची घाण आणि शेवाळ त्यांच्याबरोबर जाते. टाकी अंधारी आणि घट्ट झाकणाची हवी आणि पिण्याआधी पाणी उकळून घ्यावे. टाकी कुठे बांधायची, याचे उत्तर पेणच्या पश्चिमेला एक आणि रोह्याच्या चढावर दुसरे आहे. मुरमाड, उंच जमिनीत चौकाच्या फरशीखाली आर.सी.सी. टाकी उत्तम, ती जागाही खात नाही आणि पाणी थंड ठेवते. खारेपाटात जमिनीखालचे पाणी वर असते आणि खारे असते. तिथली जमिनीखालची टाकी तडकली तर गोडे पाणी नासते आणि रिकामी असताना खालच्या पाण्याच्या दाबाने टाकीच वर उचलली जाऊ शकते. तिथे टाकी जोत्यावरच बांधा. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या खारेपाटातल्या गावांना हे पटवून द्यावे लागणार नाही. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा मात्र चौकात किंवा त्याच्या जवळपासही नको.

आता वाऱ्याकडे येऊ. चौकाने घर थंड राहते असे सरसकट म्हटले जाते, त्यात अर्धेच सत्य आहे. कोरड्या प्रदेशात रात्री आभाळाखाली चौक झपाट्याने थंड होतो आणि ती थंड हवा सकाळपर्यंत खोल्यांत टिकते. आपल्याकडे हवा दमट आहे आणि पावसाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे ही किमया इथे पूर्ण चालत नाही. आपल्याकडे घाम वाळवणारा वाहता वाराच उपयोगाचा. चौकाचा खरा उपयोग हा की प्रत्येक खोलीला दुसरी बाजू मिळते. एक खिडकी बाहेर आणि दुसरी चौकात असेल, तरच वारा खोलीतून आरपार जातो. एका भिंतीतल्या दोन खिडक्यांनी ते होत नाही. दिवसाचा वारा समुद्राकडून, पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला घर बंद करू नका. जिना, न्हाणी आणि कोठीची खोली पूर्व-उत्तरेकडे न्या. ओटीपासून चौकातून परसदारापर्यंत एक सरळ वाट ठेवा आणि दारांच्या वर जाळीचे झरोके ठेवा, म्हणजे रात्री दारे बंद असतानाही हवा खेळती राहील. तरीही मेमधल्या निवांत दुपारी वारा पडतो, तेव्हा चौक काही करू शकत नाही, हे आधीच मान्य करावे. कुंडलिकेच्या खोऱ्यात वरच्या बाजूला असलेल्या भिरा केंद्रावर २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदले गेले होते. अशा दिवसासाठी घरातली एक झोपायची खोली नीट बंद होणारी आणि एसीची ठेवण्यात कमीपणा नाही. बाकीचे घर मोकळे राहू द्या.

वाऱ्याचा विचार केला की चौकावर काच किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकायचा मोह आपोआप सुटायला हवा. बरेच जण 'पाऊसही नको आणि उजेडही हवा' म्हणून तो टाकतात. त्याखाली गरम हवा कोंडते, काचेवर शेवाळ चढते आणि चौक एक उकडणारी खोली होऊन बसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा पत्र्यांचे काय झाले, हे रोहा, मुरूड, श्रीवर्धनच्या लोकांना सांगायला नको. चौकावर लोखंडी किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी जरूर टाका. ती चोरापासून आणि माकडांपासून वाचवते आणि पाऊस-वाऱ्याला अडवत नाही. पेणच्या खाडीलगतच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड पाच-सहा वर्षांत खपल्या टाकू लागते, म्हणून ते गरम जस्ताचा थर दिलेले घ्या. जाळीचा आधार कॉलम-बीमला असू द्या, पडवीच्या छपराला नको.

चौक किती मोठा असावा, हे आवडीवर सोडू नये. ते ऊन ठरवते. पेण साधारण पावणेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि रोहा त्याच्या थोडे दक्षिणेला. मेच्या मध्यास भर दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, म्हणून तेव्हा भिंतींची सावली चौकात जवळजवळ पडतच नाही. पण डिसेंबरच्या शेवटी दुपारी बारालाही सूर्य फक्त अठ्ठेचाळीस अंशांवर चढतो आणि दक्षिणेकडच्या भिंतीची सावली तिच्या उंचीच्या नऊ दशांश लांब पडते. तीन मीटर उंचीच्या एकमजली घराची सावली दोन मीटर सत्तर सेंटिमीटर होते, म्हणजे चार मीटरच्या चौकात उत्तरेकडे सव्वा मीटरचा पट्टा उन्हात राहतो. दक्षिणेकडे दुमजली, साडेसहा मीटरची बाजू उभी केली, तर सावली पावणेसहा मीटरच्या पुढे जाते आणि हिवाळाभर चौकाच्या जमिनीला ऊनच लागत नाही. पावसाळ्यानंतर ज्या चौकाला ऊन लागत नाही, तो वाळत नाही. तिथे शेवाळ, बुरशी आणि कुबट वास वर्षभर राहतो. म्हणून वरचा मजला हवाच असेल तर तो उत्तरेकडे चढवा आणि दक्षिणेची बाजू एकमजली ठेवा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत आतल्या चौकाची रुंदी निदान तीन मीटर धरली आहे. एकमजली घरालाही मी साडेतीनच्या खाली जायला सांगणार नाही. दोन बाय दोनचा चौक म्हणजे विहिरीसारखी चिमणी होते. तेवढी जागा सरळ खोलीत घ्यावी.

इथे खर्चाचा आणि जागेचा आक्षेप येतो. सोळा चौरस मीटर म्हणजे एकशे बहात्तर चौरस फूट, एक चांगली झोपायची खोली. ती सोडायची का? नुसता आकडा पाहिला तर हे नुकसान आहे. शिवाय आतल्या बाजूला नवा सोळा मीटरचा काठ तयार होतो, त्याला कॉलम, दारे आणि पन्हळ लागते. बांधकामाचा खर्च वाढतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या बाजूला पाहा. चौकाभोवतीची पडवी हीच घराची वाट होते, त्यामुळे अंधारे पॅसेज नाहीसे होतात. पडवीत जेवायचे टेबल बसते, मुलांचा अभ्यास होतो आणि आजी-आजोबांना पायऱ्या न उतरता फेरी मारता येते. पावसाचे चार महिने कपडे वाळत घालायला कोकणातल्या घराला पडवी लागतेच. पेणच्या घरात आणखी एक उपयोग आहे. पापड, मिरगुंड, कुरडया आणि फेण्यांची वाळवणे इथल्या किती घरांच्या उत्पन्नाचा भाग आहेत! मार्च-एप्रिल-मेमध्ये सूर्य उंचावर असताना आतल्या चौकात दुपारच्या तासांत भरपूर ऊन असते आणि वरून जाळी असल्यामुळे कावळे-माकडांपासून राखण करावी लागत नाही. खोली वाचवायची तर दिवाणखाना लहान करा, कारण पाहुणे पडवीतच बसतील. एवढे करूनही दोन गुंठ्यांच्या खालच्या प्लॉटवर चार मीटरचा चौक बसत नाही. तिथे एका बाजूच्या मार्जिनला चिकटून तीन बाजूंनी बंद असलेले अंगण करणे शहाणपणाचे. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ दरम्यान उभारलेल्या 'आर्टिस्ट्स व्हिलेज'मध्ये लहान घरांना आपापले छोटे अंगण आहे आणि सात-सात घरांमध्ये मिळून एक सामाईक चौक आहे. भावाभावांनी शेजारी-शेजारी प्लॉट घेतले असतील, तर हा विचार जरूर करावा.

झाडे सर्वांत शेवटी, कारण आतापर्यंतच्या निर्णयांनी त्यांची निवड जवळजवळ ठरवलेली असते. मासिकातल्या फोटोतला हिरवळीचा गालिचा चौकात लावू नका. चार महिने पाणी आणि अर्धी सावली यांत लॉन कुजते. वड, पिंपळ, उंबर तर नकोतच, पण आवडता सोनचाफाही नको. तो काही वर्षांतच छपराच्या वर जातो आणि वादळात कोणत्या बाजूला पडेल, हे आपल्या हातात नसते. नारळ आणि सुपारी वाडीत शोभतात. चौकात वरून झावळी आणि विरी पडते. उत्तरेकडच्या उन्हाच्या पट्ट्यात तुळशीवृंदावन उंच बांधा, तुळशीच्या मुळांना साठलेले पाणी सोसत नाही. तिच्या शेजारी मोगरा, जास्वंद आणि कढीपत्ता येईल. एकच लहान झाड हवे असेल तर प्राजक्त किंवा अनंत ठेवा आणि दर वर्षी पावसाळ्याआधी त्याची छाटणी करा. दक्षिणेच्या सावलीत सोनटक्का, अबोली, तगर, आले, हळद आणि भिंतीलगत नेचे लावा. पडवीच्या एखाद्या खांबावर नागवेल चढवा. सावली आणि ओल हेच तिचे खाद्य आणि घरचे विड्याचे पान मिळते. स्वयंपाकघराजवळच्या कोपऱ्यात अळू आणि गवती चहा पुरेसा आहे. वाफे चौकाच्या निम्म्यापेक्षा कमी जागेत ठेवा, मातीची खोली झुडपांना दोन फूट आणि प्राजक्तासाठी तीन-साडेतीन फूट हवी. खाली टाकी असेल, तर झाड टाकीवर नको. फरसबंदीला गुळगुळीत कडाप्पा टाळा. पहिल्याच पावसात त्यावर घसरायला होते. छिन्नीने खडबडीत केलेला काळा दगड सर्वांत चांगला. जांभा दिसायला सुंदर असतो, पण सपाट जमिनीवर तो ओल धरून ठेवतो. तो भिंतीत वापरा.

डास आणि साप ही दोन भये लोक सर्वांत आधी बोलतात आणि ती हसून टाळण्यासारखी नाहीत. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि आठ-दहा दिवसांत उडू लागतो. म्हणून चौकात शोभेचा हौद करू नका. केलाच तर त्यात गप्पी मासे सोडा. कुंड्यांखालच्या बशा काढून टाका, पन्हळीत कुठेही पाणी थांबणार नाही असा उतार द्या आणि आठवड्यातून एक दिवस सगळे पाहून कोरडे करा. डासांची जाळी चौकावर ताणून उपयोग नाही, ती खोल्यांच्या खिडक्या-दारांना लावा. साप चौकात आभाळातून येत नाही. तो निचऱ्याच्या पाइपातून, विटांच्या ढिगातून किंवा उंदरांमागून येतो. पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला जाळी, चौकात दगडांची सजावट नाही आणि जमिनीलगत दाट झाडी नाही, एवढे पाळले तर चारी बाजूंनी घर असलेला चौक बाहेरच्या परसापेक्षा सुरक्षित असतो. पावसाळ्यात रात्री चौकात उतरताना दिवा लावूनच उतरावे. दोन पायऱ्यांना कठडा आणि खडबडीत कडा हवीच. घरात ज्येष्ठ आणि लहान मुले असतात.

भिंतींची ओल हा शेवटचा खरा धोका. चौकाच्या बाजूच्या भिंती आणि कॉलम वाफ्याच्या मातीला थेट टेकू देऊ नका; मध्ये हातभर फरशीची पट्टी सोडा. जोत्यावर ओलरोधक थर नीट घाला आणि पडवीच्या आतल्या भिंतीला खाली दीड फूट दगड किंवा टाइल लावा. चौकाचे पाणीरोधन फरशी बसवण्याआधी पूर्ण करा, निचरा बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि उतरते का पाहा. ही चाचणी झाल्याशिवाय फरशी बसवू देऊ नका आणि कॉन्ट्रॅक्टरचा तो हप्ताही देऊ नका.

परवानगीच्या बाबतीत एकच सूचना. तुमच्या प्लॉटला कोणती नियमावली लागू आहे, हे आर्किटेक्टला आधी शोधायला सांगा. नगरपरिषदेच्या हद्दीत आणि बाहेरच्या गावांत डिसेंबर २०२० पासूनची राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागते, पण पेण तालुक्यातली काही गावे वेगळ्या नियोजन प्राधिकरणाच्या क्षेत्रात असू शकतात आणि तिथले नियम वेगळे असू शकतात. उघडा चौक चटईक्षेत्रात धरला जातो की नाही आणि त्यावरची जाळी आच्छादन समजली जाते का, हे दोन प्रश्न लेखी विचारून घ्या.

आणि नकाशा काढायला देण्याआधी एक पावसाळा थांबा. जुलैमध्ये अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर, स्वतः प्लॉटवर जा. पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि किती वेळात ओसरते ते पाहा. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर पूर्वीच्या पुराची खूण असेल, तर तिची उंची मोजून घ्या आणि तो आकडा आर्किटेक्टच्या हातात द्या. चौकाच्या तळाची पातळी त्या आकड्यावरूनच ठरवायला सांगा.